विठाबाई नारायणगावकर : फडाची मालकीण



गण, गौळण, बतावणी आणि वग ही तमाशाची अंगे तुम्हांला आता परिचित आहेत. शाहिरांच्या रचना, लावणीचे प्रकार, ढोलकी फड आणि संगीत बारी यांतील भेद यांचाही तुम्ही अभ्यास केला आहे. या सर्व चर्चेत एक बाजू मात्र सहसा दुर्लक्षित राहते. तमाशा ही कला आहे, त्याचप्रमाणे तो एक धंदाही आहे. रात्री बोर्डावर गण सुरू होण्यापूर्वी कोणीतरी मालमोटारीचे भाडे चुकते केलेले असते, कोणीतरी शंभर माणसांच्या भाकरीची सोय केलेली असते, कोणीतरी सावकाराला पुढच्या आठवड्याचा वायदा दिलेला असतो. हे सारे करणारी व्यक्ती म्हणजे फडाचा मालक. ती व्यक्ती स्त्री असते तेव्हा काय घडते, हे समजून घेण्यासाठी आपण विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर (१९३५–२००२) यांचे चरित्र अभ्यासणार आहोत.

विठाबाईंविषयी लिहिले-बोलले गेले ते बहुधा त्यांच्या आवाजाविषयी, अदाकारीविषयी आणि अखेरच्या दिवसांतील हलाखीविषयी. त्यांना तमाशासम्राज्ञी म्हटले गेले आणि ते योग्यच होते. परंतु सम्राज्ञी या शब्दाच्या झळाळीत मालकीण हा साधा शब्द मागे पडतो. स्त्रियांनी लहानमोठे उद्योग सुरू करावेत, चालवावेत, असे आज शासन, बँका आणि स्वयंसेवी संस्था आग्रहाने सांगतात. त्या आग्रहाच्या कितीतरी आधी पुणे जिल्ह्याच्या उत्तर भागातील एक स्त्री गावोगाव फिरणारा उद्योग स्वतःच्या नावावर चालवत होती. तो तिने कसा चालवला, त्यातून तिच्या हाती काय राहिले आणि काय राहिले नाही, हा या पाठाचा विषय आहे.

नारायणगाव आणि परिसर

नारायणगाव हे जुन्नर तालुक्यातील मीना नदीकाठचे गाव. पुणे–नाशिक रस्ता येथून जातो. दक्षिणेला मंचर आणि घोडेगाव हा आंबेगाव तालुक्याचा भाग, उत्तरेला आळेफाटा, पश्चिमेला जुन्नर आणि त्यापलीकडे नाणेघाट. हा प्रदेश फार जुन्या काळापासून देवघेवीचा आहे. कोकणातील बंदरांवरचा माल नाणेघाटाने वर चढत असे. त्याच घाटातील लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा प्रसिद्ध शिलालेख आहे. जुन्नरच्या डोंगरांतील बौद्ध लेण्यांत बुरूडकाम करणारे, कासार, धान्याचे व्यापारी यांच्या श्रेणींचे उल्लेख कोरलेले आढळतात. या श्रेणींचा संदर्भ पुढे पुन्हा येणार आहे, म्हणून तो लक्षात ठेवा.

आजच्या वाचकाला नारायणगाव टोमॅटोच्या बाजारासाठी ठाऊक असते. तमाशाच्या जगात मात्र त्याला तमाशापंढरी म्हणतात. चैत्र-वैशाखात गावोगावच्या यात्रा येतात. त्याआधी, गुढीपाडव्याच्या सुमारास, निरनिराळ्या फडांच्या राहुट्या नारायणगावात पडतात. राहुटीत फडाचा व्यवस्थापक वही घेऊन बसलेला असतो. बाहेर फलकावर फडाचे नाव आणि प्रमुख कलावंतांची छायाचित्रे असतात. यात्रा समितीची मंडळी एका राहुटीतून दुसऱ्या राहुटीत फिरतात, तारीख सांगतात, रक्कम ठरवतात आणि विसार देऊन सुपारी पक्की करतात. ज्या दिवशी अनेक गावांच्या यात्रा एकदम येतात त्या दिवसाचा भाव चढतो, आणि मोकळ्या तारखेला उतरतो. कांद्याच्या लिलावापेक्षा ही रीत फार निराळी नाही.

हे साम्य केवळ वरवरचे नाही. तमाशाचा पैसा अखेरीस शेतातूनच येतो. गावाची यात्रा वर्गणीवर चालते, आणि वर्गणी पिकावर. घोड नदीवर डिंभे धरण झाले, जुने आंबेगाव पाण्याखाली गेले, आणि कुकडी प्रकल्पाच्या पाच धरणांच्या कालव्यांनी जुन्नर-आंबेगावच्या पूर्व पट्ट्यात नगदी पिके आणली. त्या पिकांनी इथल्या यात्रा सधन केल्या. उलट १९७२ सारख्या दुष्काळात पीक गेले की पहिली काटछाट होते ती करमणुकीवर. फडमालकाला म्हणूनच पावसाची चिंता शेतकऱ्याइतकीच असते.

घराणे आणि घडण

विठाबाईंचे आजोबा नारायण खुडे यांनी तमाशाचा फड उभा केला. पुढे त्यांचे वडील आणि चुलते यांनी तो भाऊ-बापू मांग नारायणगावकर या नावाने नावारूपाला आणला. विठाबाईंचा जन्म १९३५ साली पंढरपुरात झाला. पंढरपुरात जन्मलेल्या मुलीला विठा हे नाव मिळावे यात नवल नाही. फिरत्या फडातील मुलाचे जन्मगाव आणि आडनावाचे गाव अनेकदा वेगळे असते. जेथे मुक्काम तेथे घर.

शाळेत त्यांचे मन रमले नाही. लावणी, गौळण, भेदिक ही गाणी मात्र लहानपणापासून कानांवर पडत होती, आणि कोणी रीतसर शिकवल्याशिवाय त्या बोर्डावर सहज उभ्या राहू लागल्या. कारागिराच्या घरातील मूल कामाच्या जागीच काम शिकते. बुरुडाची मुलगी कामट्या हाताळत मोठी होते, कुंभाराची मुलगी मातीत हात घालून. तमाशा कलावंताची मुलगी प्रेक्षकांसमोर शिकते, आणि तिची चूक दोन हजार माणसांना त्याच क्षणी दिसते. ही शाळा कठोर असते. तिथे कला शिकवली जाते. हिशेब लिहिणे, करारनामा वाचणे, व्याजाची आकारणी तपासणे हे मात्र तिथे मुलींच्या वाट्याला येत नाही. कोणत्याही घराण्याच्या धंद्यात हे घडते: मुलीला हात चालवायला शिकवतात, वही चालवायला मुलाला. या एका भेदाचे परिणाम किती दूरवर जातात हे विठाबाईंच्या आयुष्याच्या संदर्भात विचार करण्याजोगे आहे.

त्या वाढल्या तो काळही तमाशाला अनुकूल नव्हता. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या वर्षांत मुंबई सरकारने अश्लीलतेच्या कारणावरून तमाशावर बंदी घातली होती. पुढे सुधारणेच्या अटींवर ती उठली. याच काळात लोकनाट्य हा शब्द तमाशाच्या जोडीने, कधी त्याच्या जागी, वापरात आला. आजही फडांच्या फलकांवर तुम्हांला लोकनाट्य तमाशा मंडळ असे दोन्ही शब्द एकत्र दिसतील. तो शब्द म्हणजे एका परीने परवाना होता. अशा काळात पोट भरण्याचा एकच मार्ग असलेल्या कुटुंबातील मुलगी कलावंत म्हणून उभी राहिली, आणि १९५७ साली, वयाच्या बाविसाव्या वर्षाच्या आसपास, राष्ट्रपती पदकाची मानकरी ठरली. ज्या कलेवर दहा वर्षांपूर्वी बंदी होती तिच्याच एका कलावतीचा हा गौरव होता.

फलकावरचे नाव

तमाशात स्त्रिया आधीपासून होत्याच का, असा प्रश्न तुम्हांला पडेल. पूर्वी स्त्रीपार्टी नाच्या पोऱ्या असे. संगमनेर परिसरातील पवळाबाई हिवरगावकर यांचे नाव तमाशाच्या बोर्डावर उभ्या राहिलेल्या आरंभीच्या स्त्रियांत घेतले जाते. पठ्ठे बापूरावांबरोबर त्यांची जोडी गाजली. त्यानंतर स्त्री हे तमाशाचे मुख्य आकर्षण बनले. परंतु आकर्षण असणे आणि मालक असणे यांत मोठे अंतर आहे. तिकिटे जिच्यामुळे खपतात तिला ठरलेला पगार मिळतो, आणि गल्ला दुसऱ्याच्या पेटीत जातो, ही रीत तमाशात होती, नाटकात होती आणि चित्रपटातही होती.

विठाबाईंनी हे अंतर ओलांडले. वडील-चुलत्यांच्या फडातील कलावती ही त्यांची ओळख होतीच; पुढे विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर या नावाने त्यांचा स्वतःचा फड महाराष्ट्रभर फिरू लागला. या नावाकडे बारकाईने पाहा. त्यात प्रथम स्त्रीचे स्वतःचे नाव आहे, मग वडिलांचे, मग जातीचे, मग गावाचे. पतीचे नाव त्यात नाही. जात लपवलेली नाही. ज्या जातीला गावगाड्याने वेशीबाहेर ठेवले तिचे नाव त्याच गावांच्या भिंतींवर जाहिरातीत मोठ्या अक्षरांत लागत होते, आणि ते वाचून माणसे तिकीट काढत होती. व्यापारात ज्याला नाममुद्रा म्हणतात ती यापेक्षा वेगळी काय असते?

त्या एकट्याच नव्हत्या. तुकाराम खेडकर यांच्या निधनानंतर कांताबाई सातारकर यांनीही स्वतःचा फड उभा केला आणि वर्षानुवर्षे चालवला. म्हणजे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, बहुतेक सुशिक्षित घरांत स्त्रीने नोकरी करावी की नाही याची चर्चा चालू असताना, तमाशाच्या जगात काही स्त्रिया शंभर-शंभर माणसांना काम देत होत्या. महाराष्ट्रातील स्त्री-उद्योजकांचा इतिहास लिहिताना ही पाने बहुधा कोरी सोडली जातात. कारण उघड आहे. आपण उद्योग म्हणतो तेव्हा आपल्या डोळ्यांसमोर पापड, लोणची आणि शिवणकाम येते. तमाशा येत नाही.

फडाचा हिशेब

तंबूचा मोठा फड म्हणजे फिरते गाव असते. बोर्डावर दिसणारे कलावंत त्याचा लहानसा भाग. नाचणाऱ्या स्त्रिया, सोंगाड्या, ढोलकीवाला, हलगीवाला, झीलकरी, वगातील पात्रे यांच्या मागे तंबू ठोकणारे बिगारी, आचारी, वाहनचालक, वीज सांभाळणारा, तिकीट फाडणारा, दारावरचा राखणदार असा ताफा असतो. संख्या शंभराच्या आसपास सहज जाते. या सर्वांचे दोन वेळचे जेवण फडाने करायचे असते, खेळ होवो वा न होवो.

मिळकतीचे मार्ग दोन. यात्रेची सुपारी असेल तर गाव ठरलेली रक्कम देते. तेथे जोखीम कमी, पण वरकमाईही नाही. तंबू लावून तिकिटावर खेळ केला तर गर्दीचा सारा लाभ मालकाचा, आणि रिकाम्या तंबूचा सारा तोटाही मालकाचाच. हंगाम दसऱ्याच्या सुमारास सुरू होतो आणि वैशाखात संपतो. पावसाळ्याचे चार महिने तंबू गुंडाळलेला असतो. त्या महिन्यांतही कलावंतांची चूल पेटली पाहिजे, म्हणून ते मालकाकडून उचल घेतात. पुढच्या हंगामात याच फडात काम करीन, या बोलीवर आगाऊ घेतलेली ही रक्कम. चांगल्या कलावंताला दुसरा फड अधिक उचल देऊ करतो. तो टिकवायचा तर रक्कम वाढवावी लागते. आणि मालकाजवळ पावसाळ्यात रोकड कोठून असणार? तो व्याजाने पैसे आणतो.

थोडे थांबून हे चक्र मनाशी मांडून पाहा. कर्ज आषाढात घेतले जाते, ते लगेच माणसांत वाटले जाते, आणि त्याची वसुली पुढच्या चैत्रापर्यंत चालते. मधल्या काळात एखादा कलावंत उचल घेऊन निघून गेला, अवकाळी पावसाने ऐन यात्रेत आठ रात्री बुडाल्या, वाहनाचा अपघात झाला, तर कर्ज तसेच राहते आणि व्याज वाढत जाते. बँकेला तारण म्हणून जमीन, घर, यंत्र दाखवावे लागते. फडाजवळ फाटका तंबू, जुने कपडे, वाद्ये आणि कलावंतांचे गळे. १९६९ साली बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले आणि लहान व्यावसायिकांना कर्ज मिळण्याचा मार्ग मोकळा झाला असे आपण वाचतो. परंतु ज्याचे घर चाकांवर आहे आणि ज्याचे भांडवल स्वतःच्या कंठात आहे अशा कर्जदारासाठी बँकेच्या अर्जात रकाना नव्हता. फडाला सावकारच जवळचा वाटे. तो रात्री दोन वाजताही पैसे देई आणि व्याज आधीच कापून घेई.

स्त्री मालक असेल तर या अडचणींत आणखी भर पडते. रात्रीच्या खेळात जिने नाचायचे, गायचे, वगात भूमिका करायची, तिनेच पहाटे गल्ला मोजायला बसावे हे शक्य नसते. पैशाचे काम दुसऱ्याच्या हाती सोपवावे लागते. तो प्रामाणिक असेल तर बरे. नसेल तर तिला ते कळेपर्यंत हंगाम सरलेला असतो. माझ्या मते स्त्रियांच्या उद्योगाविषयीची पुष्कळशी चर्चा या एका जागी येऊन थांबायला हवी. काम कोण करते, नाव कोणाचे, आणि वही कोणाच्या हाती, हे तीन प्रश्न वेगवेगळे आहेत. पहिल्या दोहोंचे उत्तर स्त्री असे आले, की आपण समाधानाने तिसरा प्रश्न विचारायचे विसरतो.

पडद्यामागची प्रसूती

विठाबाईंच्या आयुष्यातील एक प्रसंग महाराष्ट्रात सर्वतोमुखी आहे. दिवस भरलेले असताना त्या बोर्डावर उभ्या होत्या. खेळ सुरू असतानाच कळा सुरू झाल्या. त्या पडद्यामागे गेल्या, तेथे बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा खेळासाठी उभ्या राहिल्या. कलानिष्ठेचा आदर्श म्हणून हा प्रसंग सांगितला जातो. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी येते आणि टाळ्या पडतात.

तुम्ही मात्र हा प्रसंग दुसऱ्या अंगानेही वाचावा. त्या रात्री विठाबाईंच्या जागी उभी राहील अशी दुसरी कलावती फडात नव्हती, किंवा असली तरी प्रेक्षक ज्या नावासाठी आले होते ते तिचे नव्हते. खेळ मोडला असता तर पैसे परत करावे लागले असते, आणि रागावलेली गर्दी तंबूचे काय करील याचीही शाश्वती नव्हती. त्या रकमेवर सकाळचा शिधा अवलंबून होता. कलेवरील प्रेम खरेच होते, त्याबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. परंतु ज्या धंद्याचे सारे भांडवल एका बाईच्या देहात साठवलेले आहे त्या धंद्यात तिला बाळंतपणाचीही रजा मिळत नाही, हेही त्या प्रसंगात तितकेच स्पष्ट दिसते.

प्रसूतीच्या रजेचा कायदा आपल्याकडे १९६१ साली झाला. तो मुख्यतः कारखाने, खाणी आणि मळे यांतील स्त्रियांसाठी होता. १९७३ च्या दुरुस्तीने घोड्यांचे आणि कसरतींचे खेळ दाखवणाऱ्या आस्थापना, म्हणजे सर्कशी, त्यात आल्या. कोणत्याही परिस्थितीत हा कायदा नोकरी करणाऱ्या स्त्रीला मालकाकडून रजा मिळवून देतो. जी स्वतःच मालकीण आहे तिने रजा कोणाकडे मागायची? भाजीची पाटी घेऊन मंचरच्या बाजारात बसणाऱ्या बाईपासून खानावळ चालवणाऱ्या बाईपर्यंत सर्वांपुढे हा प्रश्न आजही तसाच उभा आहे.

समकालीन दुसरे मार्ग

विठाबाईंच्या ऐन उमेदीच्या काळातच महाराष्ट्रात स्त्रियांच्या उद्योगाचे आणखी काही प्रयोग उभे राहिले. त्यांच्याशी तुलना केल्यास फडाची रचना अधिक स्पष्ट होईल. १९५९ साली मुंबईत गिरगावात सात गृहिणींनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. त्यातून श्री महिला गृहउद्योग लिज्जत पापड ही संस्था वाढली. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी गिरणगावातील खानावळ चालवणाऱ्या स्त्रियांना अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणले आणि त्यांना बँकेचे कर्ज मिळवून दिले. त्याच वर्षी, आंतरराष्ट्रीय महिला वर्षात, राज्य शासनाने महिला आर्थिक विकास महामंडळ स्थापन केले.

पापड लाटणाऱ्या स्त्रियांमध्ये एखादी आजारी पडली तर त्या दिवशी थोडे पापड कमी होतात. धंदा थांबत नाही. प्रत्येक भगिनी त्या संस्थेची सहमालक मानली जाते. अन्नपूर्णाच्या स्त्रियांचे कर्ज परस्परांच्या हमीवर उभे होते. फडात हे दोन्ही नव्हते. तेथे एक नाव आणि एक गळा होता. लाभ झाला तर तो वाटला जाई, तोटा मात्र एकटीचा. अर्थात ही तुलना एका मर्यादेपलीकडे ताणू नये. पापडाला मालकिणीचा चेहरा लागत नाही, लावणीला लागतो. कलेचा धंदा पूर्णतः सामुदायिक करणे कठीण असते, हे मान्य केलेच पाहिजे. तरीही उचलीचे व्याज, आजारपणाचा खर्च, पावसाळ्याचे चार महिने, एवढ्यासाठी तरी फडांना एकत्रित निधी उभा करता आला असता. तो उभा राहिला नाही याचा दोष एकट्या कलावंतांना देता येत नाही. ज्या समाजाने त्यांना रात्री पाहिले, त्याने सकाळी त्यांच्याशी व्यवहार करण्यास योग्य माणसे मानले नाही.

उतरती वर्षे

१९७२ साली मुंबईत दूरदर्शन आले. पुढच्या दशकात खेड्यापाड्यांत व्हिडिओवर चित्रपट दाखवले जाऊ लागले. तंबूत तिकीट काढून बसणारा प्रेक्षक घटला, आणि फड अधिकाधिक यात्रांच्या सुपाऱ्यांवर विसंबून राहू लागले. प्रेक्षकांची मागणी बदलली. पारंपरिक वगाऐवजी चित्रपटगीतांवरील नाच हवा, असा आग्रह वाढला. याच बदलत्या काळात, १९९० साली, विठाबाईंना दुसऱ्यांदा राष्ट्रपती पदक मिळाले. दोन पदकांच्या मध्ये तेहतीस वर्षांची मेहनत होती.

पदकाने मान मिळतो. औषधाचे बिल भागत नाही. अखेरच्या वर्षांत विठाबाईंना आर्थिक ओढाताणीला तोंड द्यावे लागले. १५ जानेवारी २००२ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या रुग्णालयाचा खर्च देणगीदारांच्या मदतीने भागवावा लागला, ही वस्तुस्थिती त्यांच्या चरित्रात नेहमी नोंदवली जाते. ती वाचताना आपण हळहळतो आणि शासनाने कलावंतांकडे लक्ष द्यावे असे म्हणतो. हे म्हणणे चुकीचे नाही. परंतु जिने आयुष्यभर शेकडो माणसांना काम दिले ती म्हातारपणी मदतीची अपेक्षा करणारी झाली, या घटनेचा विचार केवळ दयेच्या भाषेत करणे हा तिच्या कर्तृत्वाचा उपमर्द ठरेल. विठाबाई आश्रित कधीच नव्हत्या. त्यांच्या धंद्याला राखीव गंगाजळी नव्हती, विमा नव्हता, निवृत्तिवेतन नव्हते, आणि त्यांचे नाव, जी त्यांची सर्वांत मोठी मालमत्ता होती, ती गहाण ठेवून घेणारी बँक नव्हती.

येथे जुन्नरच्या लेण्यांतील श्रेणी आठवा. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी याच तालुक्यात बुरूडकाम करणाऱ्यांसारखे लहान कारागीर आपली श्रेणी बांधून होते. त्या श्रेणीची पत एवढी होती की धर्मकार्यासाठीचे उत्पन्न लोक विश्वासाने तिच्याकडे गुंतवीत, आणि तो व्यवहार दगडात कोरून ठेवीत. कारागीर मरत, श्रेणी राहत असे. त्याच मातीत विसाव्या शतकात तमाशाचा फड मात्र मालकिणीच्या श्वासाबरोबर चालू-बंद होत राहिला.

वारसा

विठाबाईंच्या कन्या मंगला बनसोडे यांनी आईची वाट पुढे नेली आणि स्वतःचा फड उभारून त्या तमाशातील अग्रगण्य मालकिणींपैकी एक ठरल्या. म्हणजे एका कुटुंबात आईकडून मुलीकडे कला तर गेलीच, त्याबरोबर मालकीही गेली. आपल्याकडे दुकान, जमीन, कारखाना मुलाकडे जातो आणि मुलीकडे जातात ते दागिने. हे पाहता या वारशाचे वेगळेपण तुमच्या लक्षात येईल. २००६ साली महाराष्ट्र शासनाने तमाशासाठी आयुष्य वेचलेल्या कलावंतांकरिता विठाबाईंच्या नावाने वार्षिक जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. ज्या नावावर एकेकाळी रात्रीचा तंबू भरत असे त्या नावावर आता दुसऱ्या एखाद्या वृद्ध कलावंताला मानधन मिळते.

स्वयंअध्ययन

जुन्नर किंवा आंबेगाव तालुक्यात, अथवा तुमच्या जवळपास, स्वतःच्या नावावर व्यवसाय करणाऱ्या एका स्त्रीची भेट घ्या. खानावळ, पिठाची गिरणी, रोपवाटिका, शिवणकाम, हिरड्याची खरेदी, कोणताही व्यवसाय चालेल. तिच्या कलेविषयी किंवा कष्टांविषयी आरंभीच विचारू नका; ते ती आपणहून सांगेल. पहिले भांडवल कोठून आले, उधारीची वही कोण लिहिते, बँकेतील खात्यावर सही कोणाची चालते, आणि ती पंधरा दिवस अंथरुणाला खिळली तर दुकान कोण उघडील, हे विचारा. शक्य असल्यास गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावच्या राहुट्यांनाही भेट द्या. कोणत्या फलकांवर स्त्रीचे नाव प्रथम आहे याची नोंद करा, आणि आत वही घेऊन कोण बसले आहे तेही पाहा. दोन्ही नोंदी शेजारी शेजारी मांडून सुमारे तीनशे शब्दांचे टिपण तयार करा आणि संपर्क सत्रास येताना सोबत आणा.